सांबरीण उभी राहायला शिकली

सागाच्या एका दाट रानात, तळ्याच्या आसऱ्याने सांबरांचा एक कळप राहत असे. त्या कळपातील एका सांबरिणीचे पाडस रानकुत्र्यांनी नेले. कुत्री आली तेव्हा सगळ्यांबरोबर तीही पळाली होती आणि पाडस मागे राहिले होते. त्या दिवसापासून तिचे पाय तिच्या ताब्यात राहिले नाहीत. वाळके पान वाजले तरी ती उधळे आणि दगडधोंड्यांत अडखळून पडे. ती हडकली, तिची मान खाली गेली, श्वास उरातच अडकू लागला. हिच्यामुळे सगळा कळप उधळतो, हिने वेगळे राहावे, असे कळपातील म्हातारे म्हणू लागले. तीही मुकाट्याने वेगळी राहू लागली.

तळ्यात एक म्हातारा सारस रोज सकाळी एका पायावर उभा असे. वारा सुटे, पाणी हले, पण तो हलत नसे. एके दिवशी सांबरिणीने त्याला विचारले, की तुम्हाला भीती कशी वाटत नाही. सारसाने सांगितले, की त्याची जोडीदारीण गेली त्या वर्षी तोही असाच भटकत होता. थांबले की दुःख गाठते, म्हणून तो कुठे थांबतच नसे.

"शेवटी एकदा थांबलो," तो म्हणाला. "दुःखाने गाठले, पण मी एका पायावर उभाच राहिलो. बाई, तुला तर चार पाय आहेत. चारही खूर जमिनीत नीट रोव, मान वर कर, आणि दहा श्वास होईपर्यंत जागा सोडू नकोस."

दुसऱ्या दिवशी ती काठावर उभी राहिली. तिसऱ्या श्वासाला तिच्या मांड्या थरथरू लागल्या. मुलांनो, वीरभद्रासनात गुडघा वाकवून उभे राहिलात की तुमच्याही मांड्या अशाच भरून येतात. सहाव्या श्वासाला तिला पाडस आठवले आणि ती पळाली. ती पुन्हा आली, पुन्हा पळाली. असे कितीतरी दिवस गेले. एका सकाळी पाडस आठवले तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले, पण खूर जागचे हलले नाहीत. ती उभ्या उभ्या रडली आणि दहा श्वास पुरे झाले. हिवाळा लागेपर्यंत तिच्या मांड्या भरल्या, पाठ सरळ झाली, श्वास पोटापर्यंत पोहोचू लागला. तिला शांत झोपही लागू लागली.

मग एका सकाळी रानकुत्री एकमेकांना घालतात ती शीळ पुन्हा ऐकू आली. कळप उधळला. दुसऱ्या एका मादीचे पाडस तळ्याच्या गाळात रुतून राहिले. सांबरीण चार उड्या पळाली, थांबली आणि मागे वळली. गुडघाभर पाण्यात शिरून ती पाडसापुढे पाय रोवून उभी राहिली. पळणाऱ्याचा पाठलाग कसा करायचा, हे कुत्र्यांना ठाऊक होते. उभे राहणाऱ्यापुढे ती घुटमळली. त्यांतले एक पुढे आले, तेव्हा तिने पुढच्या खुराचा असा तडाखा दिला, की ते लंगडत मागे फिरले. दुपारपर्यंत बाकीची काठावर घिरट्या घालत राहिली, आणि मग निघून गेली.

पाडसाची आई आली. तिने आधी सांबरिणीचे अंग चाटले, मग आपल्या लेकराचे.

सारसाने विचारले, "भीती गेली का?"

"नाही, बाबा," सांबरीण म्हणाली. "ती आली होती. पण मी जागा सोडली नाही."

तिचे स्वतःचे पाडस काही परत आले नाही. पण त्या संध्याकाळी ती कळपाच्या मधोमध चरत होती.

तात्पर्य : रोज थोडा वेळ पाय रोवून उभे राहणाऱ्याच्या अंगात बळ येते, आणि दुःख किंवा भीती समोर आली तरी त्याचे मन ठाव सोडत नाही.