कुरतूनं ताक सांडलं

एक होता उंदीर. एवढासा! नाव त्याचं कुरतू. गोदाआत्याच्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे राहायचा.

आत्याची भाची मनवा दूर गावी राहायची. रोज संध्याकाळी आत्याच्या मोबाइलवर दिसायची. कुरतू डब्यामागून हळूच बघायचा.

एकदा मनवा म्हणाली, "आत्या, माझा दात पडला! उद्या मी उंदीरमामाला दाखवणार. त्याच्यासारखा नवा दात मागणार!"

कुरतू खूश! उंदीरमामा म्हणजे मीच की!

रात्री ओट्यावर होती ताकाची वाटी. शेजारी मोबाइल. कुरतू वाटीच्या काठावर चढला. लुडकन! वाटी आडवी. ताक मोबाइलवर. टप टप टप!

कुरतू पळाला. तुरुतुरु तुरुतुरु!

आत्या आली. पदरानं मोबाइल पुसला. बटण दाबलं. कट् कट्! पडदा अर्धा काळा. अर्ध्यावर हिरव्या रेघा. मग तोही काळा.

"अगं बाई! आता मनवा कशी दिसणार?" आत्या म्हणाली. कपाळाला हात लावून खालीच बसली.

कुरतूचे कान लाल झाले. कुणी पाहिलं नव्हतं हो. तरी लाल झाले.

तो गेला पडद्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"पडद्या, पडद्या, दिस ना!"
"कसा दिसू? आत ओल शिरली. तांदळानं सुकवलं तर दिसेन. पण ताक सांडलं कोणी?"
"कोण जाणे!" कान लाल. शेपूट पोटाखाली.

तो गेला तांदळाकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"तांदळा, तांदळा, सुकव ना!
पडदा दिसेना!"
"कसा सुकवू? मी डब्यात कोंडलेला. झाकण उघडलं तर सुकवीन. पण ताक सांडलं कोणी?"
"कोण जाणे!" कान लाल. शेपूट पोटाखाली.

तो गेला झाकणाकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"झाकणा, झाकणा, उघड ना!
तांदूळ सुकवेना,
पडदा दिसेना!"
"कसं उघडू? मी घट्ट बसलेलं. चमच्यानं उचकटलं तर उघडेन. पण ताक सांडलं कोणी?"
"कोण जाणे!" कान लाल लाल. शेपूट पोटाखाली.

तो गेला चमच्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु!
"चमच्या, चमच्या, उचकट ना!
झाकण उघडेना,
तांदूळ सुकवेना,
पडदा दिसेना!"
"कसा उचकटू? मला हात कुठायत? आत्या उठली तर उचकटीन. पण ताक सांडलं कोणी?"
"कोण जाणे!" पण आवाज अगदी बारीक.

तो गेला आत्याकडे. आता तुरुतुरु नाही. हळू... हळू...
"आत्या, आत्या, ऊठ ना!
चमचा उचकटेना,
झाकण उघडेना,
तांदूळ सुकवेना,
पडदा दिसेना!"

आत्या म्हणाली, "कशी उठू? माझाच धक्का लागला असणार. मीच वेंधळी! मनवाला काय तोंड दाखवू?"

आणि आत्याचे डोळे भरून आले.

कुरतूला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली! पिठाच्या डब्यामागे जाऊन बसावंसं वाटलं. पण तो गेला नाही. त्यानं डोळे घट्ट मिटले.

"आत्या, तू नाही. मी सांडलं ताक. मी! आणि सगळ्यांना खोटं सांगितलं."

आत्यानं खाली बघितलं. "तू होय रे, लबाडा! आधीच सांगायचंस की!"

आणि आत्या उठली!
चमच्यानं उचकटलं. टण्!
झाकण उघडलं. भप्प!
तांदळात मोबाइल ठेवला. सळसळ सळसळ!
रात्र गेली. सकाळ गेली. दुपारही गेली.
तांदळानं सुकवलं.
आत्यानं बटण दाबलं. कट्!
पडदा दिसला!

पडद्यात मनवा. बोटांत दात. "आत्या, उंदीरमामा कुठाय?"

कुरतू डब्यामागे. कान अजून लाल. "मी कसा येऊ? मी तर ताक सांडलं."

"सांगितलंस ना खरं? मग ये," आत्या म्हणाली.

कुरतू आला. हळू... हळू...

"उंदीरमामा, हा बघ माझा दात! मला तुझ्यासारखा देशील?"

कुरतूनं तोंड उघडलं. ईऽऽऽ! बारीक बारीक दात!

"अस्सेच हवेत मला!" मनवा म्हणाली.

पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ राहिलीच बरं का. ती दिसली की कुरतूचे कान लाल होतात.

आत्या आता ताकाची छोटी वाटी खाली जमिनीवर ठेवते. "घे रे, उंदीरमामा. आता कुठून सांडशील?"

वाटी झाली चाटून, गोष्ट झाली सांगून!