येईल ते वाजवून घ्यावं

एका गावात एक भोळा भाचा होता. नाव केरोबा. वय पंचवीस. 'जरा थांब' म्हणून सांगितलं, तर सांगणारा परत येईपर्यंत तो तिथून हलत नसे.

त्याचे दाजीमामा जुन्या नाण्यांचे पारखी. नाणं खरं की खोटं, कितपत झिजलेलं, हे ते भिंग लावून सांगत. मामांना एकच मुलगी, ठकू. केरोबाचा जीव तिच्यावर आणि तिचाही त्याच्यावर. का ते तिलाच ठाऊक.

मामा म्हणाले, "माझी विद्या शीक, मग ठकू तुझी."

पहिल्या दिवशी मामांनी एक शिवराई हातात दिली. तांब्याचं नाणं, वर हिरवट थर. "हे नीट बघून ठेव."

केरोबानं बघितलं. नीट दिसेना. म्हणून चिंच आणि राख लावून घासलं. शिवराई नव्या घंगाळासारखी लखलखली.

मामांनी कपाळ बडवलं. "अरे, तो थर म्हणजेच त्याचं मोल! जुन्या वस्तूला घासू नये, पुसू नये!"

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी मामी म्हणाली, "केरोबा, ते पातेलं घासून दूध तापव रे."

"मामी, पातेलं कधीचं?"

"माझ्या लग्नातलं."

म्हणजे जुनं. केरोबानं कालच्या आमटीसकट त्यात दूध ओतलं. दूध नासलं. मामीनं विचारलं, तेव्हा म्हणाला, "मामी, त्या आमटीला मोल आहे."

तिसऱ्या दिवशी मामा अंघोळीला निघाले. "सरपोतदार सोन्याचा होन दाखवायला येणार आहेत. येईल ते आधी वाजवून घे. खणखणलं तर खरं, बद्द वाजलं तर खोटं."

"बरं मामा."

आधी आले ते सरपोतदार. भलं थोरलं टक्कल, त्यावर घामाचे थेंब. केरोबानं त्यांना ओसरीवर बसवलं, पाणी दिलं आणि बोटाच्या पेरांनी टकलावर टकटक केलं. कान लावून ऐकलं. पुन्हा टकटक केलं.

"मामा," तो न्हाणीच्या दारातून ओरडला, "सरपोतदार खोटे आहेत!"

सरपोतदार होन घेऊन तरातरा निघून गेले. मामा साबणाच्या फेसासकट बाहेर आले. "चालता हो माझ्या घरातून!"

ठकू आडवी आली. "बाबा, एकदा. शेवटचं."

लेकीचं तोंड बघून मामा विरघळले. "ऐक. उद्या दोन नाणी ठेवीन. चुकलास तर ठकू विसर. नव्या चकचकीताला भुलू नकोस. जुनं, झिजलेलं, तेच उचल."

केरोबा दिवसभर तेच घोकत बसला. सकाळी मामांनी दोन नाणी ठेवली. एक झगझगीत नकली, एक झिजून गुळगुळीत झालेलं अस्सल. केरोबानं झिजलेलं उचललं.

"शाबास!" मामा उडालेच. जन्मात पहिल्यांदा कोणी तरी त्याला शाबास म्हटलं होतं. केरोबाला रडूच आलं. मामांनी त्याच महिन्यात मुहूर्त धरला.

लग्नाला सगळा गाव लोटला. मामीची नव्वदीची मावशीही आली. तिला ऐकू कमी येई, म्हणून मंगलाष्टकं जवळून ऐकायला ती थेट ठकूला खेटून उभी राहिली.

'सावधान' झालं. अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला.

केरोबासमोर दोघी. एक नवी, शालूत चकचकणारी. एक जुनी, झिजलेली, एका दाताची. केरोबाचं काळीज ठकूकडे धावलं. त्यानं ते मागे ओढलं. भुलायचं नाही, स्वतःला बजावलं आणि हार मावशीच्या गळ्यात घातला.

सनईवाल्याचा सूर घशातच अडकला. मामा मटकन खाली बसले. ठकूच्या हसून हसून मुंडावळ्या सुटल्या, पण तिनं वेळ दवडला नाही. आपला हार केरोबाच्या गळ्यात टाकून ती मोकळी झाली.

मावशीनं गळ्यातला हार चाचपला. मग केरोबाकडे वळली आणि त्याच्या कानाखाली अशी वाजवली, की मांडवाबाहेरचे बैल बिथरले.

केरोबा गाल चोळत आनंदानं ओरडला, "मामा, खणखणीत वाजली! मावशी अस्सल आहे!"