उदाजीराजांचा ताडमाड तंबोरा

टण्ण! तंबोऱ्याची तार तुटली आणि तिचं टोक थेट उदाजीराजांच्या मिशीला चाटून गेलं.

"पुन्हा!" राजे गरजले. "त्या केरोबाला बोलवा!"

केरोबा तारकस म्हणजे उदाजीराजांच्या गंधवटी राज्यात वाद्यांच्या तारा ओढणारा एकुलता एक माणूस. तो थरथरत दरबारात आला. मागोमाग त्याची मुलगी झुंबर आली. ती मात्र थरथरत नव्हती.

भानगड अशी होती. शेजारच्या कणेरीच्या भैरोजीराजांनी मोठा तंबोरा करवल्याचं कळलं आणि उदाजीराजांनी त्याहून मोठा करवला. दांडी एवढी लांब, की खुंट्या पिळायला चौरंगावर चढावं लागे! पौर्णिमेच्या जलशाला भैरोजी येणार होते, उदाजीराजे स्वतः गाणार होते, आणि तंबोऱ्यावर एक तार टिकत नव्हती.

"महाराज," केरोबा हात जोडून म्हणाला, "जाड तार लावली, तुटली. बारीक लावली, तीही तुटली. एवढी लांब तार एवढ्या उंच स्वराला ताणली की तुटणारच. स्वर थोडा खाली घेतलात तर..."

"खाली?" राजे उसळले. "राजा कधी खाली येतो का?"

"कधीच नाही!" राजगवई अनंतबुवांनी मान डोलावली. बुवांचं वय झालं होतं, आणि वय झालं की मान डोलावण्यालाच विद्वत्ता म्हणतात अशी त्यांची समजूत होती.

"मग दांडी थोडी कापू या?" केरोबाने विचारलं.

"माझा तंबोरा कापतोस? जलशापर्यंत तारा लागल्या नाहीत, तर तुझ्या दुकानाला टाळं आणि तू राज्याबाहेर!"

झुंबर पुढे झाली.

"महाराज, नेमकं काय काय हवंय ते एकदाच सांगा. मागाहून वाढायला नको."

"ए पोरी, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये!" बुवा खेकसले.

"बोलत कुठे आहे, बुवा? विचारतेय. मोठ्यांना उत्तर द्यायला तर बंदी नाही ना?"

राजांनी दुखरी मिशी चोळली. "ऐक. तंबोरा बोटभरही कापायचा नाही. तारा भोपळ्यापासून थेट खुंटीपर्यंत अखंड हव्यात, मध्ये गाठ नको. आणि स्वर माझाच! केसभरही खाली नाही!"

"आणखी काही?"

"एवढं तर करून दाखव!"

"दाखवते!"

केरोबाने कपाळावर हात मारून घेतला. घरी पोहोचेपर्यंत तो धुमसत होता. "अगं भवाने, जिभेला काही हाड?"

"बरी आठवण केलीत, आबा! हाडाचा एक तुकडा हवाच आहे मला. आणि सांगा, राजांचा जुना तंबोरा याच स्वराला लागतो, मग त्याच्या तारा का नाही तुटत?"

"तिथे बोलणारी तार आखूड असते. भोपळ्यावर तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीपासून वरच्या हाडाच्या पट्टीपर्यंत, तेवढीच काय ती बोलते."

"झालं तर मग!" म्हणत झुंबरने सुतळी उचलली आणि जुना तंबोरा मोजायला ती वाड्याकडे पळाली.

जलशाच्या दिवशी ताडमाड तंबोरा गादीशेजारी उभा राहिला. भोपळ्यापासून खुंट्यांपर्यंत चार तारा लखलखत होत्या आणि दांडीच्या मध्यावर मोगऱ्याचा भरगच्च गजरा बांधला होता. राजांनी पोरीचं ऐकल्यामुळे बुवा रुसून बसले होते, म्हणून झुंबरनेच तारा छेडल्या. राजांचा स्वर! हुबेहूब! राजे छाती फुगवून गायले, तान फिरवताना भैरोजींकडे बघत बघत गायले, आणि एकही तार तुटली नाही.

भैरोजींच्या मनात मात्र किडा वळवळत होता. गाणं संपताच ते उठले आणि "हा गजरा कशाला?" म्हणत त्यांनी तो बाजूला सारला.

खाली हाडाची पट्टी! दांडीच्या मधोमध! सगळ्या तारा तिच्यावरून वर गेलेल्या.

"अहो उदाजीराजे!" भैरोजी टाळी वाजवून ओरडले. "पट्टीच्या वरची तार तर मुकी आहे! नुसती शोभेची!"

उदाजीराजांचे कान लाल झाले.

"झुंबर! फसवलंस मला?"

"दांडी कापली का, महाराज?"

"नाही."

"तारा अखंड आहेत ना? स्वर तुमचाच ना?"

"हो, पण..."

"मग अख्ख्या तारेने बोललं पाहिजे, असं कधी म्हणाला होतात?"

"पण ती वरची तार करते तरी काय?"

"तुमच्या दरबारात जे चालतं तेच! देवडीपासून गादीपर्यंत एवढी माणसं ओळीने उभी आहेत. बोलतं कोण? एकटे महाराज! बाकीचे नुसते ताठ!"

केरोबाने डोळे गच्च मिटले. आता गेलं, दुकानही गेलं आणि लेकही गेली!

"पण गंमत पुढेच आहे," म्हणत झुंबर चौरंगावर चढली. तिने एक खुंटी जराशी सैल केली, खाली उतरली आणि तार छेडली. भों! म्हातारी म्हैस हंबरावी तसा आवाज आला.

"पाहिलंत, महाराज? मुक्यांनी ताण सोडला, की बोलणाऱ्याचा आवाज बसतो!"

मग राजांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे हसत सुटले की पागोटं कानावर घसरलं. भैरोजीही हसू लागले. मग सगळी ओळच हसली, महाराजांनी न सांगता!

"माग, काय हवं ते माग!"

"आबांचं दुकान उघडं राहू दे. आणि पुढचं वाद्य करायला टाकण्याआधी तारवाल्याला विचारत जा!"

"कबूल! वर बक्षीस म्हणून या तारेएवढी लांब सोन्याची तार हिला द्या!"

अनंतबुवा इतक्या वेळाने जागे झाले. "महाराज, मुकी धरून, की बोलकी तेवढीच?"

"मुकी धरून, बुवा! आणि मोजताना तिचं एक टोक ताणून धरायला तुम्हीच उभे राहा!"