विषयाबाहेरचा मजकूर

"आणि रडला तो कोण?" भानगिरी बाबांनी विचारलं.

अंकुश धोत्रे वाचता वाचता थांबला. मांडीवर प्रबंधाचं बाड होतं.

"माहितीदाता क्रमांक सात, बाबा."

"त्याला नाव नाही?"

"असतं. पण लिहायचं नसतं. शास्त्र आहे तसं."

"आणि समोर बसून विचारणारा?"

"संशोधक."

"त्यालाही नाव नाही?"

"नाही."

"बरं जमलं. दोन बिननावाची माणसं. एक रडतंय, एक लिहितंय. चालू दे."

अंकुश विद्यापीठात डॉक्टर व्हायला निघालेला. सुई टोचणारा नव्हे, कागदाचा. विषय पाथरवटांचा. जाती-पाटे घडवत गावोगाव फिरणारी ही माणसं फिरायची थांबली, मग त्यांचं काय झालं, असा.

वसतिगृहातली पोरं त्याला म्हणायची, तुझी भाषा दगडासारखी आहे. त्यानं ती तासून गुळगुळीत केली. मग आपल्या वस्तीवर गेला, तर माणसं त्याला बघून खाटेवरून उठून उभी राहायला लागली. ते काही त्याला सोसेना. तो घरी जाईनासा झाला. ना इकडचा, ना तिकडचा. असं माणूस जाणार कुठं? माळावरच्या या मठात येऊन शेवटचं प्रकरण लिहीत बसला होता.

उद्या बाड द्यायचं होतं. द्यायच्या आधी कुणीतरी एकानं "बरं झालंय" म्हणावं, एवढीच त्याची आस. म्हणायला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून भर दुपारी बाबांपुढं वाचन. बाबांना यातलं काय कळणार, असंही मनात होतंच. शिकलेल्याच्या मनात ते असतंच.

त्यानं पुन्हा वाचलं, "'गाढव विकल्याचा प्रसंग कथन करताना माहितीदाता भावविवश झाला. यातून उपजीविकेच्या साधनाशी असलेले भावनिक तादात्म्य सूचित होते.'"

"गाढवासाठी रडला, म्हण की."

"तेच लिहिलंय, बाबा."

"मग एवढा वळसा कशाला? गाढवाचं नाव काय?"

"हरणी."

"कुठं लिहिलंय?"

"लिहिलं नाही…"

"मग तुला कसं ठाऊक?"

अंकुश खाली बघायला लागला.

"तिच्या पाठीवर बसून फिरलोय मी. तिला विकून मला शाळेत घातलं."

"म्हणजे हा सात नंबर तुझा कोण?"

"…बाप."

बाबांनी चिलीम झटकली. राख वाऱ्यावर गेली.

"आहे का?"

"आहे. वस्तीवर. एकटाच."

"हं. वाच पुढं."

"'सगळा दगड सारखा नसतो. टाकी मारली की आवाजच सांगतो.'" अंकुश श्वासभर थांबला. "'मिक्सर आला आणि आमची हाक बंद झाली.'"

"मधे का थांबलास?"

"तिथं तीन टिंबं आहेत. विषयाबाहेरचा मजकूर गाळला की टिंबं द्यायची, अशी पद्धत असते."

"आणखी कुठं आहेत?"

अंकुशनं पान वर धरलं. देवी येऊन गेलेल्या तोंडासारखं पान ते, जागोजाग टिंबं.

"बाकीचं राहू दे," बाबा म्हणाले. "टिंबं वाच."

अंकुशला हसू आलं. "टिंबं कशी वाचायची, बाबा?"

"गाळलीस तूच ना? मग तुलाच येणार. वाच."

हसू फार टिकलं नाही. बापाचा आवाज भरलेला तो टेपरेकॉर्डरचा डबा त्यानं इतक्यांदा ऐकला होता, की शब्द न् शब्द पाठ होता.

"'…उन्हात बसलास. इकडं सावलीला सरक.'"

"हं."

"'…तो डबा जरा बंद कर की रं. किती दिसांनी आलास.'"

"हं."

"'…'"

"वाच."

"'…भाकरी टाकलीया. खाऊन जा.'"

"खाल्लीस?"

"नाही. संशोधकानं माहितीदात्याकडं…" वाक्य तिथंच तुटलं. "मी पुढचा प्रश्न विचारला."

"कोणता?"

अंकुशचा आवाज निघाला तो वस्तीवरचा, तासायच्या आधीचा.

"आप्पाला इचारलं… 'तुम्हांला एकटेपणाची भावना जाणवते का?'"

माळावर टिटवी ओरडत गेली.

"तो काय म्हणाला?"

"काय बी नाही. तवाच रडला. गाढवाचं सांगताना नव्हताच रडला, बाबा. मीच ते रडणं उचलून गाढवाच्या परिच्छेदात घातलं. तिथं शोभत होतं."

बाबा चिलीम भरत राहिले. बरं झालंय म्हणाले नाहीत, आणि वाईट झालंय असंही नाही.

शेवटी अंकुशनंच विचारलं, "उद्या देऊ का नको, बाबा?"

"दे की. एवढं लिहिलंस, कागद काय जाळायचेत? पण आधी जेवून घे."

अंकुशला हायसं वाटलं. त्यानं डोळे पुसले, बाड बाजूला ठेवलं आणि उठला. मठाच्या स्वयंपाकघरातून पिठल्याचा वास येत होता. तो तिकडं वळला.

बाबांनी बसल्या जागेवरून कुबडी लांब केली आणि दारात आडवी धरली.

"इथं नव्हे."