सोनीचा खारा खळगा

आवळकोंडच्या नदीकाठी, धुणं धुवायच्या धोंड्यांच्या वरच्या अंगाला, काळ्या कातळात परातीएवढा एक खळगा आहे. समुद्र इथून दोन दिवसांच्या चालीवर. नदीचं पाणी गोड, विहिरींचं गोड, डोंगरातून झिरपतं तेही गोड. पण त्या खळग्यात बोट बुडवून जिभेला लावलं तर खारट लागतं. समुद्रासारखं नाही, कैऱ्या मुरवलेल्या बरणीतल्या पाण्यासारखं. पाहुणे आले की अनशीआत्या गुरवीण आधी त्यांना बोट बुडवायला लावते. त्यांची तोंडं वाकडी झाली की पदर सावरून कातळावर टेकते.

"आता बसा," म्हणते. "उभ्याने ऐकायची गोष्ट नाय ही."

फार पूर्वी, असं सांगतात, इथे सातच घरं होती. शेत डोंगरावर, घरं खाली नदीच्या कुशीत, आणि प्रत्येक घरामागे परस. परसात कैरी, फणस, रातांबा, लिंबू, मिरची, आलं. उन्हाळ्यात एवढं पिकायचं की जमिनीवर पडून कुजायचं, आणि पावसाळ्यात हिरव्या मिरचीलाही माणूस महाग. म्हणून मृगाआधी सातही घरांतला माल भिकीबायच्या ओटीवर यायचा. भिकीबायच्या हाताला गुण होता म्हणे. तिने भरलेली बरणी कधी नासली नाही. बायका कैऱ्या चिरायच्या, गरे मिठात घालायच्या, रातांबे पिळून आगळ काढायच्या, चिंचेचा कोळ गूळ घालून आटवायच्या. बंदरावरून डोक्यावर आणलेल्या एकवीस बरण्या भरायच्या, तोंडाला दादरा म्हणजे जाड फडकं बांधायचं आणि माळ्यावर चढवायच्या. मग श्रावण सरेपर्यंत त्यांना कुणी हात लावायचा नाही. पाळी आली म्हणून बाजूला बसलेल्या बाईने तर सावलीही पाडायची नाही. तिचा हात लागला की बरणीतलं विष होतं, हे सातही घरांना सूर्य उगवतो तितकं ठाऊक होतं.

भिकीबायची सून आवडी. वीस वर्षांची, चार वर्षांच्या सोनीची आई. स्वभावाने भित्री. पाल चुकचुकली तरी हातातलं भांडं पडायचं. सासू वाईट नव्हती, पण जीभ तिखट. "वाघ नाय आला, मांजर आलंय," म्हणायची, आणि ओटीवरच्या बायका हसायच्या. आवडीही हसायची. पण आत धडधड चालूच राहायची.

त्या वर्षी दादरे बांधायचं काम आवडीकडे होतं. पाच बरण्या बांधून झाल्या, सहावीला दोरी आवळली, आणि तिला कळलं की आपण बाजूला बसायला हवं. चार दिवस आधीच. ती जागच्या जागी थिजली.

"काय गो, भूत बघितलंस?" भिकीबाय ओरडली. "बांध पटापट. आभाळ बघ कसं आलंय!"

ओटीभर बायका. चिरलेल्या कैऱ्यांचा ढीग काळा पडायला लागलेला. आता सांगितलं तर सहाही बरण्या ओतून द्याव्या लागणार, सात घरांची वर्षाची मेहनत उकिरड्यावर, आणि सगळ्यांच्या नजरा आपल्यावर. आवडीने तोंड उघडलं, मिटलं, आणि दोरीची गाठ मारली. मग सातवी. मग आठवी. एकवीसही बरण्या तिनेच बांधल्या. दोन दिवसांनी बाजूला बसले म्हणाली, तेव्हा कुणाला संशय आला नाही.

त्या दिवसापासून म्हणे तिचं डोकं माळ्याखाली आलं की मान आपोआप खाली जायची. भात ढवळताना, जातं ओढताना तिला वाटायचं, वर एकवीस तोंडं बांधलेली आहेत आणि आत विष मुरतंय. आज सांगू, उद्या सांगू करत आषाढ गेला.

श्रावणात पुरुष डोंगरावर नाचणीच्या लावणीला गेले, आणि त्याच आठवड्यात नदी फुगली. लाकडी साकव वाहून गेला. पाणी सातही घरांत शिरलं, दोन दिवस कमरेएवढं राहिलं. गुरं वाहून गेली. कणगीतला भात भिजला, फुगला, त्याला आंबूस वास सुटला. पाणी घरांतून उतरलं, पण नदी उतरेना. पुढे नदी, मागे कोसळलेली दरड, आणि मध्ये बायका, म्हातारी माणसं नि पोरं. होता तो भात धुऊन तीन दिवस खाल्ला. मग टाकळा, कुर्डू उकडून खाल्ला. नुसत्या पाल्याने पोरांची पोटं वाहायला लागली. तेव्हा भिकीबाय म्हणाली, "श्रावण सरायची वाट कुणी बघायची? मिठातले गरे हायत, कैऱ्या हायत. धुऊन उकडू, पोरांच्या पोटात काहीतरी थांबेल. आवडे, चढ माळ्यावर."

आवडी चढली नाही. भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तिने सगळं सांगितलं.

मग शेजारची ठकी म्हणाली, "गिळून बसली असतीस तर बरं झालं असतं गो. निदान भरल्या पोटी मेलो असतो." यावर एकजण हसली आणि लगेच रडायला लागली. भिकीबायने सुनेला शिवी दिली नाही. तेच आवडीला जास्त लागलं.

"उपाशी माणूस पाणी उतरेपर्यंत तग धरेल," भिकीबाय शेवटी म्हणाली. "विष खाल्लेला नाय धरणार. माळ्याला कुणी हात लावायचा नाय." मग शिडी काढून अंगणात आडवी टाकली.

उद्या पाणी उतरेल, असं रोज वाटायचं. रोज सकाळी बायका काठावरच्या धोंड्यांची टोकं दिसतात का बघायला जायच्या आणि तशाच परतायच्या. सोनी आधी रडायची, मग कुरकुरायची, मग नुसती माळ्याकडे बघत पडायची.

"आये, कैरी दे."

"ती नासलीय बाय. खाल्ली तर बाऊ होईल."

"नाय नासली. वास येतोय. चांगला वास येतोय."

"नासल्याचाच वास तो," आवडी म्हणाली. तिलाही येत होता तो वास. मोहरीचा, हिंगाचा, मुरलेल्या कैरीचा. तिला वाटलं, विष असंच भुलवत असणार. तिने पोरीच्या नाकावर पदर धरला.

शिडी काढल्यापासून सातव्या दिवशी दुपारी सोनी गेली. आईच्या मांडीवर, माळ्याकडे तोंड करून.

तिला परसात, रातांब्याच्या मुळाशी ठेवलं. मग भिकीबाय म्हणाली, दुसरं कुठलं पोर भुकेने चोरून खाईल, त्याआधी हे विष नदीत ओता. शिडी पुन्हा लावली. पहिली बरणी आवडीनेच उचलली, दुसऱ्या कुणाला तिने हात लावू दिला नाही. पोटाशी धरून ती या कातळावर आली आणि तिने स्वतः मारलेली गाठ स्वतः सोडली.

बरणीतलं पाणी नितळ होतं. कैऱ्या हिरव्या, टणक, जशा घातल्या तशा. बुरशीचा ठिपका नाही. मोहरीचा वास कातळभर पसरला आणि मागच्या बायकांची पावलं थांबली.

आवडी बरणीत बघत राहिली. भिकीबाय पुढे आली, तिने एक फोड काढली, तोंडात टाकली, आणि सगळ्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं. तिने फोड चावली. गिळली.

"मिठाला कुठे काय कळतं गो," म्हणाली. "आपल्यालाच तेवढं कळत होतं."

पुढचं सांगताना अनशीआत्या नदीकडे बघते. बायकांनी तिथेच बसून खाल्लं. पोरांना भरवलं, रडत रडत स्वतः खाल्लं. पोरीला पुरून चार घटका झाल्या नव्हत्या, पण पोट थांबत नाही. ठकीने एक फोड आवडीपुढे धरली. आवडीने ती घेतली, कातळातल्या खळग्यात ठेवली, आणि वर ओंजळभर खार ओतला.

नदी पाच दिवसांनी उतरली. त्या बरण्यांवर बाकी सगळे जगले. पुरुष परत आले, आवडीच्या नवऱ्याने पोरीला हाक मारली, ते आत्या सांगत नाही. एवढंच सांगते, की आवडी म्हातारी होऊन मेली आणि तेवढ्या वर्षांत तिने मीठ जिभेला लावलं नाही. तिच्या वाटणीची फोड आणि खार ती रोज दुपारी या खळग्यात आणून ओतायची. फोड कावळे न्यायचे. खार कातळात मुरला, तो मुरलाच. किती पूर वरून गेले, खळगा धुऊन निघाला नाही.

पुढच्या वैशाखात भिकीबायने रीत घातली. पहिल्या बरणीचा दादरा बाजूला बसलेल्या बाईनेच बांधायचा. आणि बांधण्याआधी, ओटीभर माणसांत, मोठ्याने सांगायचं, "मी बाजूला बसलेय." बाकीच्यांनी म्हणायचं, "मग बांध." अशी बाई मिळेपर्यंत बरणीचं तोंड उघडं ठेवायचं.

आजही आवळकोंडला वैशाखात बरण्या भरतात. घरं आता चाळीस झाली आहेत, साकवाच्या जागी पूल आहे. भरल्या बरणीपुढे उभी राहून अनशीआत्या विचारते, "कोण हाय गो?" आणि ओटी गप्प होते. सुना जमिनीकडे बघतात, कॉलेजातल्या मुली मोबाइलकडे. एवढ्या बायकांत त्या दिवशी एकही नसेल असं होत नाही, हे आत्याला माहीत आहे, सगळ्यांनाच माहीत आहे. ती पुन्हा विचारते. ऊन ओटीवरून उतरतं, चिरलेल्या कैऱ्यांच्या कडा काळ्या पडायला लागतात. गेली तीन वर्षं पहिली बरणी बांधलीच गेली नाही.

तिन्ही वर्षं संध्याकाळी आत्याने ती उघडी बरणी पोटाशी धरून इथे आणली आणि खळग्यात ओतली.