प्रधानाच्या लेकीचा चुडा

फार पूर्वी, राज्यांच्या सीमा नद्याच ठरवत असत, त्या काळची ही गोष्ट. एका नदीच्या अलीकडे सपाटीचे राज्य होते आणि पलीकडे डोंगराचे. डोंगरात पळसाची आणि बोरीची राने होती. त्यांच्या फांद्यांवर लाख धरत असे. ती लाख होडीतून सपाटीला येई आणि तिथले कारागीर तिच्या बांगड्या घडवीत. नवरीच्या हातात लाल लाखेचा चुडा चढल्याशिवाय लग्न लावायचे नाही, अशी सपाटीची रीत होती.

डोंगरचा राजा क्रूर होता. रानातली सगळी लाख त्याने आपल्या एकट्याची करून टाकली. जो कुणी त्याविरुद्ध बोले, त्याला तो कोठडीत डांबी आणि दिवसा रानात नेऊन त्याच्याकडूनच लाख खरवडून घेई. विकलेल्या लाखेच्या बदल्यात धान्य येई, आणि त्या धान्यावर राजाचे पहारेकरी पोसले जात.

हे सपाटीच्या लोकांना कळले तेव्हा त्यांना आपल्या बायकामुलींच्या हातांकडे बघवेना. तिथला प्रधान भला माणूस होता. त्याने सगळ्यांना नदीकाठी बोलावले आणि सांगितले, की कोठड्या उघडेपर्यंत डोंगरची लाख या काठाला उतरणार नाही. तोवर नवरीच्या मनगटाला हळदीचा दोरा बांधू. लोकांनी नदीचे पाणी हातात घेऊन शपथ घेतली.

पहिल्या हंगामात मुलींनी तो दोरा मिरवला. कारागिरांच्या भट्ट्या विझल्या, पण तेही मातीचे मणी करू लागले आणि फारसे कुरकुरले नाहीत.

एक दिवस डोंगरातली एक बाई नदी ओलांडून प्रधानाकडे आली. तिची एकुलती एक मुलगी कोठडीत होती. प्रधानाच्या मनात एक गोष्ट सलत होती, ती त्याने तिला विचारली.

"बाई, आमच्या बंदीने तुमच्याच चुली थंडावल्या, असं लोक म्हणतात. ती उठवू का?"

"उठवू नका," बाई म्हणाली. "उपाशी आम्ही आधीही होतो, प्रधानजी. तेव्हा राजा सुखात होता, आता नाही. एवढा एकच फरक पडलाय, तो तरी राहू द्या."

प्रधानाने तिला शब्द दिला.

पुढच्या वर्षी प्रधानाच्या स्वतःच्या लेकीचे लग्न ठरले. स्थळ मोठे होते, नदीपासून लांबच्या गावचे. बोलणी संपत आली आणि विहीणबाईंनी चुड्याचा विषय काढला. प्रधानाने शपथेची गोष्ट सांगितली. विहीणबाईंनी ती शांतपणे ऐकून घेतली.

"आमच्याकडे दोरा वासराच्या गळ्यात बांधतात," त्या म्हणाल्या.

बैठकीतले सगळे हसले. लेक आतल्या दाराशी उभी होती. तिचा उतरलेला चेहरा प्रधानाला दिसला.

त्याने स्वतःची समजूत घातली. मूठभर लाख ती काय, तेवढ्यावर कुठल्या राजाचे राज्य तगते? त्याने एका विश्वासू नावाड्याला पलीकडे धाडले.

वाचकहो, मूठभर गोष्ट फार दिवस मुठीत राहत नाही. चुड्याची भट्टी पेटली की धूर दिसतोच. कारागिराच्या शेजाऱ्याने तो पाहिला. त्याचीही थोरली उपवर होती. मग कुणाची धाकटी, कुणाची आईवेगळी भाची. प्रत्येकाकडे कारण होते आणि प्रत्येकाचे कारण खरे होते. प्रधान कुणाला अडवू शकला नाही. कोणत्या तोंडाने अडवणार? बघता बघता रात्रीच्या अंधारात होड्या ये-जा करू लागल्या.

लग्नाच्या दिवशी ती डोंगरातली बाई पुन्हा आली. आनंदाने तिला धाप लागली होती. तिने प्रधानाला बाजूला घेऊन सांगितले, की निम्मे पहारेकरी पळून गेले आहेत, राजाचे कोठार रिकामे झाले आहे, आणि लाख पुन्हा घेणार असाल तर कोठड्या उघडतो, असे तो दरबारात बोलला आहे. आता थोडेच दिवस धीर धरा, एवढेच सांगायला ती आली होती.

तेवढ्यात नवरी मुलगी वडीलधाऱ्यांच्या पाया पडत तिथवर आली. तिने बाईलाही वाकून नमस्कार केला. बाईने तिचे हात हातात घेतले, आणि मग तिचे लक्ष चुड्याकडे गेले. डोंगरातल्या माणसाला जुनी लाख आणि नवी लाख पाहताक्षणी ओळखता येते.

ती रागावली नाही. तिने चुड्यावरून अंगठा फिरवला.

"माझ्या लेकीच्याच हातची असेल," ती म्हणाली. "नीट सांभाळ."

तिने मुलीला आशीर्वाद दिला आणि पानावर न बसता ती नदीकडे निघून गेली. तिला थांबवावे, असे प्रधानाला फार वाटले. पण त्याची मान वर झाली नाही. मांडवातल्या बायकांनी आपापले हात पदराखाली घेतले.

त्या हंगामात होड्या उघड ये-जा करू लागल्या आणि डोंगरच्या राजाचे कोठार पुन्हा भरले. पळालेले पहारेकरी धान्याच्या ओढीने परत आले. कोठड्या उघडण्याची भाषा राजाने पुन्हा काढली नाही. थंडीत नावाड्याने निरोप आणला, की त्या बाईची मुलगी कोठडीतच गेली.

प्रधान पलीकडे जायला निघाला आणि होडीत पाय ठेवून थांबला. लेक गेलेल्या आईला काय म्हणायचे, हे त्याला सुचेना. तसे ते कुणालाच सुचत नाही. पण त्याच्यापाशी न सुचण्याचे आणखी एक कारण होते. तो मागे फिरला.

त्याने लोकांना पुन्हा काठावर बोलावले. काही समजावून सांगावे लागले नाही. सगळ्यांनी खाली मान घालून पुन्हा पाण्याची शपथ घेतली आणि प्रधानाने राजाला तसे कळवले.

राजाचे उत्तर होडीतून आले. नावाड्याने ते भर काठावर सांगितले, कारण तसाच हुकूम होता. राजाने एवढेच विचारले होते, "या वेळची बंदी कुणाच्या लेकीच्या लग्नापर्यंत?"



या वेळी बंदी खरोखर टिकली. मोठमोठ्या घरच्या मुली दोरा बांधून सासरी गेल्या. पण ती खरी आहे, हे राजाला पटायलाच कितीतरी हंगाम जावे लागले. तेवढे हंगाम कोठड्यांची दारे बंद राहिली. शेवटी ती उघडली तेव्हा आत गेलेल्यांपैकी फार थोडे जण चालत बाहेर आले.

तात्पर्य : दुसऱ्याच्या सुटकेसाठी घेतलेली शपथ आपल्या सोयीसाठी मोडली, तर तिची शिक्षा आपल्याला होत नाही, ज्याच्यासाठी ती घेतली, त्याला होते.