भिवा गुरवाची ओळ

“ती ओळ कोणी लिहिली, हे मी विचारलंच नाही,” सोमभारती महाराज म्हणाले. “ती खरी आहे का, एवढंच विचारलं.”

प्राध्यापक विश्वंभर नागठाणे यांनी हातातला मोबाइल सतरंजीवर पालथा ठेवला.

“खरीच असणार, महाराज. तिला संदर्भ आहे.”

“कशाचा?”

“वर्तमानपत्राचा.”

“आणि वर्तमानपत्राला कोणाचा?”

विश्वंभरांनी सतरंजीची चुणी हाताने सरळ केली.

कोळेश्वराच्या देवळामागे गोसाव्यांचा जुना मठ आहे. विश्वंभर याच गावचे. लहानपणी याच मठात ते स्तोत्रे म्हणायला शिकले. पुढे तालुक्याच्या कॉलेजात इतिहास शिकवू लागले आणि मठाची पायरी सुटली. आज महाराजांचा निरोप आला, म्हणून ते आले होते. कौतुकासाठी बोलावले असेल, असे वाटेत त्यांच्या मनात येऊन गेले होते.

कौतुक व्हावे असे काम त्यांच्या हातून झालेही होते. इंटरनेटवर एक मुक्त ज्ञानकोश आहे. त्यात कोणीही लेख लिहावा, कोणीही दुसऱ्याचा लेख सुधारावा. विश्वंभरांनी आपल्या वर्गाला तोच प्रकल्प दिला. प्रत्येकाने तालुक्यातल्या एका गावावर लेख लिहायचा. ज्या गावांना शेजारचा तालुका ओळखत नव्हता, ती जगाला दिसू लागली. प्राचार्यांनी भर सभेत विश्वंभरांना शाल पांघरली.

निवेदिता दुधाळ नावाच्या मुलीच्या वाट्याला हे गाव आले. मुलगी मन लावून काम करणारी. तिने देवळाविषयी लिहिले, जत्रेविषयी लिहिले, आणि शेवटी लिहिले, की देवाचा चांदीचा मुखवटा फार वर्षांपूर्वी चोरीला गेला. तेव्हापासून जत्रेत पालखी रिकामीच निघते.

विश्वंभरांनी मसुदा परत केला. लेखात असे भगदाड ठेवायचे नसते, असे त्यांनी तिला समजावले. चोरी कोणी केली? ते ठाऊक नसेल, तर संशय कोणावर होता? गावात जा, विचार, आणि जागा भरून आण.

ती गेली. गावाने तिला पाणी दिले, गूळ दिला, नाव दिले नाही. परतताना बसथांब्यावर एक परगावचा माणूस चहा पीत होता. तो हसत म्हणाला, की गाभाऱ्याची किल्ली गुरवाकडेच असते ना? मग आणखी कोणाला विचारतेस?

तेव्हाचा पुजारी कोण, हे देवळाविषयी लिहिताना तिने टिपून ठेवलेच होते. तिने जागा भरली. ‘या चोरीचा संशय तत्कालीन पुजारी भिवा गुरव यांच्यावर होता.’

लेख आता पुरा दिसू लागला. वर्गात तोच सर्वोत्तम ठरला.

जत्रेच्या सुमारास एका स्थानिक दैनिकाने पुरवणी काढली आणि तो लेख जवळजवळ जसाच्या तसा छापला. विश्वंभरांनी ते पान वर्गात उंच धरून दाखवले. निवेदिताला म्हणाले, आपल्या विधानाला आता छापील आधार मिळाला, तो लेखाखाली नोंदव. तिने नोंदवला.

अशा रीतीने ती ओळ स्वतःच्याच खांद्यावर उभी राहिली.

गावाने नाव का दिले नाही, हे विश्वंभरांना कोणी सांगायला नको होते. मुखवटा गेला, त्या साली गावात काठ्या निघाल्या होत्या. ज्याचे ज्याच्याशी बांधावरून वाकडे, त्याने त्याचे नाव घेतले. अखेर तेव्हाच्या महंतांनी सारा गाव देवळात जमवला आणि घरटी एका माणसाला शपथेचा बेलभंडार उचलायला लावला. चोर देवाला ठाऊक. आपण कोणाचे नाव घेणार नाही. तेव्हापासून पालखी रिकामी निघते, आणि जो तो तिला खांदा देतो.

ज्यांनी बेलभंडार उचलला, त्यांनी ते न कळणे निष्ठेने सांभाळले. त्यांच्या मुलांनीही सांभाळले. ती ठिगळ लावण्याची जागा आहे, असे कोणाला वाटले नाही.

विश्वंभरांना मात्र वाटले.

महाराजांनी पुढची हकिकत थोडक्यात सांगितली. भिवा केव्हाच वारला. देवाची सेवा आता त्याचा मुलगा सिद्राम करतो. तोही म्हातारा झाला. यंदाच्या जत्रेत त्याने नेहमीप्रमाणे पालखीला खांदा लावला, तेव्हा मोबाइल घेऊन उभी असलेली पोरे हसली. त्यांतल्या एकाने विचारले, “काय गुरव, आता पालखी पण घरी नेता का?”

सिद्रामने खांदा काढला. पालखी पुढे गेली. तो मागे फिरला तो मठाच्या ओवरीत येऊन पडला. घरी गेला नाही, गाभाऱ्यात गेला नाही. अन्न जवळजवळ सुटले आहे. रोज सकाळी एकच प्रश्न विचारतो.

“काय विचारतात?”

“गेली का ती ओळ.”

बाहेर ओवरीतून खोकल्याचा आवाज आला.

“तुझा कोश मुक्त आहे म्हणतोस,” महाराज म्हणाले. “मग काढ ती.”

विश्वंभरांना हायसे वाटले. एवढेच ना? चूक कोणाचीही होवो, ती क्षणात दुरुस्त करता येते, हेच या कोशाचे वैशिष्ट्य, असे ते म्हणाले. त्यांनी मोबाइल उचलला.

मात्र स्वतःच्या नावाने त्यांनी ते केले नाही. आपल्याच वर्गाच्या गाजलेल्या लेखातली ओळ प्राध्यापकाने खोडली, हे कोणाच्या नजरेस पडू नये, असे त्यांना वाटले. म्हणून नाव न लावता, कारण न देता, त्यांनी ती ओळ पुसली.

“झालं, महाराज.”

महाराजांनी ओवरीकडे बोट केले.

सिद्राम भिंतीला टेकून बसला होता. विश्वंभर त्याच्यापुढे गुडघ्यांवर बसले. लहानपणी या माणसाने त्यांना देवळाच्या घंटेपर्यंत उचलून धरले होते. आता त्याच्या हाताची शीर न् शीर दिसत होती.

“काका, वाचा. नाव काढलंय.”

सिद्रामने मोबाइल दोन्ही हातांत घेतला. त्याला वाचता येत होते, पण अक्षराला अक्षर लावून. त्याने काचेवर बोट टेकवले आणि एकेक ओळ वरून खाली चाचपत गेला. शेवटाला पोचला, तरी ती ओळ दिसली नाही. खात्री करावी म्हणून त्याने बोटाने पान पुन्हा खाली ओढले. पान क्षणभर पांढरे झाले आणि नव्याने उमटले.

तो पुन्हा वाचू लागला. या वेळी मध्येच थांबला.

“हाय की,” तो म्हणाला.

विश्वंभरांनी मोबाइल त्याच्या हातातून जवळजवळ ओढून घेतला. ओळ जागच्या जागी होती. कोणीतरी ती परत बसवली होती, आणि खाली कारण दिले होते : ‘संदर्भ असलेला मजकूर कारण न देता काढू नये.’ कारणाशेजारी नाव होते निवेदिता दुधाळचे.

ते वाक्य विश्वंभरांचेच होते. प्रकल्पाच्या पहिल्या दिवशी त्यांनी ते फळ्यावर लिहिले होते आणि वर्गाकडून मोठ्याने म्हणून घेतले होते.

“कोणी ठेवली परत?” महाराजांनी विचारले.

“माझी विद्यार्थिनी आहे.”

“चांगली शिकवलीस.”

शब्दांत टोमणा नव्हता. असता, तर बरे झाले असते.

विश्वंभरांनी तिथूनच निवेदिताला फोन लावला. ती गोंधळली. कोणी अनोळखी माणूस लेख बिघडवतो आहे असे वाटले, म्हणून आपण पहारा ठेवला होता, असे ती सांगू लागली. सर, तुम्हीच तर सांगितलं होतं... विश्वंभरांनी तिला पुढे बोलू दिले नाही. ती ओळ ताबडतोब काढ आणि पुन्हा कोणालाही घालू देऊ नकोस, एवढेच म्हणाले. तिने का, असेही विचारले नाही.

ओळ गेली.

“काका, आता बघा. आता परत येणार नाही.”

सिद्रामने मान वर केली नाही.

“ऱ्हाऊ द्या, सर.”

“एकदा बघा तरी.”

“येवढ्या शिकल्यासवरल्या लोकांनी लिवलं. पेपरात बी आलं. उगंच कोन लिवंल?” तो म्हणाला. “आमच्या म्हाताऱ्यानं घरात सांगितलं नसंल.”

विश्वंभरांना आधी अर्थच लागला नाही. लागला, तेव्हा ते घाईघाईने बोलू लागले.

“नाही, काका, तसं नाही. आम्हाला काहीच माहीत नव्हतं. मीच तिला लिहायला लावलं. कोणालाच काही माहीत नव्हतं.”

“मग त्यानं केली न्हाई, ह्ये तरी कुनाला म्हाईत हाय?”

एका माणसाला त्याचा बाप जन्मभर ठाऊक होता. विश्वंभरांनी एका ओळीत तो बाप त्याला परका करून टाकला होता.

ते महाराजांकडे वळले. त्यांनी हात जोडले. मठाची पायरी सुटल्यापासून प्रथमच.

“तुम्ही सांगा, महाराज. तुम्ही तेव्हा इथंच होतात. भिवा गुरव निर्दोष होता, एवढं एक वाक्य बोला. तुमचा शब्द ते मानतील.”

सिद्रामनेही वर पाहिले. इतक्या दिवसांत प्रथमच त्याच्या डोळ्यांत काहीतरी मागणे होते.

महाराज त्याच्याजवळ जाऊन बसले. त्यांनी त्याचा हात आपल्या हातात घेतला. मनातल्या मनात त्यांनी नाम घेतले असावे. ओठ तेवढे हलले.

“सिद्रामा, मी तेव्हा इथं होतो. चोर कोण, ते मला तेव्हा कळलं नाही...”

सिद्राम वाट पाहत राहिला.

“आजही मला ते माहीत नाही.”

सिद्रामने हळूच मान हलवली. महाराजांच्या हातातला आपला हात सोडवून घेतला, आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. विश्वंभरांनी दोनदा हाक मारली. त्याने ओ दिली नाही.

दोघे बाहेर अंगणात आले. देवळात शुकशुकाट होता. गाभाऱ्यापुढची समई विझलेली होती आणि तिच्यावर धूळ बसली होती. भर दुपारी देव अंधारात होता.

विश्वंभरांना राहवेना. ज्या माणसापुढे त्यांनी कधी मान वर केली नव्हती, त्याच्यावर त्यांचा आवाज चढला. ते म्हणाले, माणूस आत मरायला टेकला आहे. एका शब्दाने तो उठून बसला असता. असा शब्द खोटा ठरला असता, तरी देवाने तो पदरात घेतला असता. सत्य इतके निर्दय असते काय?

महाराज देवळाच्या पायरीवर बसले. त्यांनी आपला बचाव केला नाही. ते थकलेले दिसत होते.

“तुम्हाला माहीत नव्हतं,” विश्वंभर म्हणाले. “चोर असेल, नसेलही, असंच जन्मभर मनात होतं. मग आधी बापाच्या हातचं आणि पुढं मुलाच्या हातचं, रोज तीर्थ घेतलंत, ते कसं?”

महाराजांनी विझलेल्या समईकडे पाहिले.

“तहान लागायची,” ते म्हणाले. “हात कोणाचा, ते तहान विचारत नाही.”